फिरत्या मुखवट्याच्या व्हिडिओवरून स्किझोफ्रेनिया ओळखता येत नाही

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. "अगं, त्याला मुखवटा बाहेर आलेलाच दिसला. तीनदा दाखवला, तिन्ही वेळा. म्हणजे आता गोळ्या बंद केल्या तरी चालतील ना?" माझ्या मावसभावावर सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनियाचे (भास आणि अढळ खोट्या समजुती होणाऱ्या मनोविकाराचे) उपचार चालू आहेत आणि ज्या व्हिडिओच्या भरवशावर मावशी हे विचारत होती, तो तिला भिशीच्या व्हॉट्सॲप गटात आला होता. थोडे खोदून विचारल्यावर कळले की गोळ्या चार दिवसांपासून बंदच आहेत. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

व्हिडिओत काळ्या पार्श्वभूमीवर एक मुखवटा सावकाश फिरतो. त्याची आतली, खोलगट बाजू समोर आली की तीही पुढे आलेल्या चेहऱ्यासारखी दिसू लागते. सोबतच्या मजकुराचा सारांश असा: ही बाजू खोलगटच दिसली तर तुम्हाला स्किझोफ्रेनिया आहे, फुगीर दिसली तर तुमचा मेंदू निरोगी आहे, परदेशात डॉक्टर हीच चाचणी वापरतात आणि ती ९९ टक्के अचूक आहे, आणि खरे पाहता रुग्णच जग जसे आहे तसे पाहतात, औषधे देऊन त्यांची ती दृष्टी मारली जाते.

यात अर्धे सत्य आहे, ते आधी मान्य करते. हा दृष्टिभ्रम खराखुरा आहे. ब्रिस्टलचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी तो जगभर परिचित केला. गौरी बसवण्याआधी माळ्यावरून मुखवटे काढतात, तेव्हा घरीही तो अनुभवता येतो. पत्रा ठोकून घडवलेला पितळी मुखवटा पाठमोरा धरायला सांगावा, चार-पाच पावले मागे जावे, एक डोळा मिटून त्याच्या आतल्या बाजूकडे पाहावे आणि हळूहळू डावी-उजवीकडे सरकावे. आत गेलेले नाक बाहेर येते आणि चेहरा आपल्यासोबत मान वळवतो आहे असे वाटते. आपण जन्मापासून जेवढे चेहरे पाहिले, त्या सगळ्यांची नाके पुढेच होती. त्यामुळे डोळे खोलगटपणाची माहिती देत असतानाही मेंदू आपल्या जुन्या अनुभवाला अधिक मान देतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांमध्ये हा अनुभवाचा पगडा सैल पडतो का, हे तपासण्यासाठी संशोधक असे दृष्टिभ्रम वापरतात, हेही खरे. जर्मनीतील हानोव्हर येथे डॅनाई डिमा आणि सहकाऱ्यांनी १३ रुग्ण आणि १६ निरोगी व्यक्तींच्या मेंदूचे स्कॅन करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोलगट चेहरा पाहताना निरोगी व्यक्तींमध्ये मेंदूच्या वरच्या (अनुभव आणि अपेक्षा सांभाळणाऱ्या) स्तरांकडून दृष्टिकेंद्रांकडे येणारा प्रभाव वाढत होता, रुग्णांमध्ये तो तसा वाढत नव्हता. मनोविकारात मेंदूचे काम कोठे बदलते हे शोधण्याची ती एक मौल्यवान वाट आहे. पण १३ रुग्णांच्या गटात सापडलेला फरक म्हणजे एखाद्या घरातल्या एका माणसाचे निदान नव्हे, आणि व्हिडिओने नेमकी हीच उडी मारली आहे.

खोलगट दिसले म्हणजे आजार, हा दावा दोन पावलेही टिकत नाही. झोप न मिळालेल्या निरोगी माणसांमध्ये, दारू सोडतानाच्या अवस्थेत आणि गांजातील घटकाच्या अमलाखालीही हा दृष्टिभ्रम कमी होतो, असे जर्मन संशोधकांनीच १९९० च्या दशकात दाखवले होते. शिवाय प्रयोगशाळेत खरा मुखवटा किंवा दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी दाखवलेली त्रिमिती चित्रे असतात, कारण डोळ्यांनी दिलेली खोलीची माहिती आणि मेंदूची सवय यांची झुंज लावायची असते. मोबाइलच्या सपाट पडद्यावर दोन डोळ्यांतून मिळणारी ती माहितीच नसते, मग त्या झुंजीचा निकाल कसा लागणार?

आता '९९ टक्के'. हा आकडा कोणी, कोणावर मोजला, याचा व्हिडिओत पत्ता नाही. घटकाभर आपण ९० टक्के अचूक चाचणी आहे असे धरू. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) स्किझोफ्रेनिया आणि तत्सम मनोविकार आयुष्यात कधी ना कधी झालेल्यांचे प्रमाण भारतात सुमारे १.४ टक्के आहे. म्हणजे हजार माणसांत १४ जण. चाचणी त्यांतील साधारण १३ जणांना ओळखेल आणि उरलेल्या ९८६ निरोगी माणसांपैकी सुमारे ९९ जणांनाही 'रुग्ण' ठरवेल. थोडक्यात, ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांतील दहापैकी जवळपास नऊ जणांवर तो चुकून बसलेला असेल. ज्या समाजात या आजाराच्या नुसत्या संशयाने लग्ने मोडतात, तिथे असला शिक्का भिशीच्या गटातून वाटला जातो आहे.

डॉक्टर अशा चाचणीने निदान करतात, हे तर सरळ खोटे आहे. निदान होते ते लक्षणे, त्यांचा कालावधी आणि घरच्यांनी सांगितलेली हकिगत यांवरून. त्यासाठी ना रक्ततपासणी आहे, ना मुखवटा.

माझ्या संतापाचे खरे कारण आहे तो दुसरा दावा: फुगीर दिसले म्हणजे मेंदू निरोगी. ब्रायन कीन, स्टीव्हन सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३० रुग्ण आणि २५ निरोगी व्यक्तींना खरोखरीच्या खोलगट वस्तू दाखवून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चेहरे होते आणि दृश्येही होती, काही रंगवलेली, काही एकरंगी. रुग्णांना हा दृष्टिभ्रम निरोगी लोकांपेक्षा कमी वेळा झाला. कमी वेळा झाला, अजिबात झाला नाही असे नव्हे. दुसरे म्हणजे, भास आणि संशय यांसारखी लक्षणे जितकी तीव्र आणि रुग्णाला लागणारी देखरेख जितकी जास्त, तितका हा दृष्टिभ्रम कमी आढळला. याचा आमच्या घरापुरता अर्थ काय? माझ्या मावसभावाची लक्षणे आज आटोक्यात आहेत, त्यामुळे त्याला मुखवटा तुमच्या-माझ्यासारखाच फुगीर दिसला तर त्यात नवल काहीच नाही. लक्षणे आटोक्यात आहेत त्यामागे रोज रात्री जेवणानंतर घेतलेली गोळी आहे. मावशीने मात्र मुखवटा फुगीर दिसणे हाच तो बरा झाल्याचा पुरावा मानून ती गोळी थांबवली.

गोळी थांबवण्याची किंमत काय असते, याबद्दल अंदाज करत बसण्याची गरज नाही. श्टेफान लॉइख्ट आणि सहकाऱ्यांनी ६५ औषध-चाचण्यांतील सुमारे साडेसहा हजार रुग्णांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार वर्षभराच्या आसपास उलटला, तर ज्यांना औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिली त्यांच्यात हे प्रमाण ६४ टक्के होते. काही रुग्णांचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करता येते, त्याचे दुष्परिणामही खरे आहेत आणि त्यांबद्दल तक्रार करण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. पण तो निर्णय मोबाइलवरच्या एका मिनिटाच्या चित्राने घ्यायचा नसतो.

रुग्णच जग जसे आहे तसे पाहतात, हा शेवटचा दावा ऐकायला मोहक आहे, म्हणून तो जास्त पसरतो. काही विशिष्ट चाचण्यांत रुग्णांचे उत्तर निरोगी माणसांपेक्षा अचूक येते, हे खरे आहे. लंडनमध्ये स्टीव्हन डेकिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठळक नक्षीच्या वेढ्यात ठेवलेला ठिपका आपल्याला असतो त्यापेक्षा फिका दिसतो. त्या प्रयोगातील १५ पैकी १२ रुग्णांनी निरोगी गटातील सर्वांत अचूक व्यक्तीपेक्षाही बरोबर उत्तर दिले. मात्र पुढच्या अभ्यासांत हा फरक बराच लहान निघाला, आणि २०१८ मध्ये ग्झेच्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी अनेक दृष्टिभ्रम एकत्र तपासले तेव्हा बहुतेकांत रुग्ण आणि निरोगी यांच्यात फरकच दिसला नाही. एका ठिपक्याची छटा बरोबर ओळखणे आणि जग जसे आहे तसे पाहणे यांत फार अंतर आहे.

आपल्या भाषेतला एक घोळही इथे मजकूर लिहिणाऱ्याच्या पथ्यावर पडला आहे. डोळ्यांची फसगत होते तिलाही आपण भ्रम म्हणतो आणि शेजारी आपल्या जिवावर उठले आहेत या अढळ समजुतीलाही भ्रमच म्हणतो. मग 'ज्याला भ्रम होत नाही तोच भ्रमिष्ट कसा?' असा प्रश्न विचारून वाचणाऱ्याला गोंधळात पाडता येते. हे दोन भ्रम वेगळे आहेत. येल विद्यापीठातील अल्बर्ट पॉवर्स आणि फिलिप कॉर्लेट यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की एका चित्रासोबत वारंवार आवाज ऐकवल्यावर, पुढे नुसते चित्र दाखवले तरी, ज्यांना एरवी आवाजांचे भास होतात त्यांना न वाजलेला आवाज इतरांपेक्षा अधिक वेळा ऐकू येतो. म्हणजे इथे पूर्वानुभवाचा पगडा सैल नसून जास्तच घट्ट आहे. सहा वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतून आपल्याबद्दल बोलणे चालले आहे म्हणून रात्रीतून तीन-तीनदा मेन स्विच बंद करायचा आणि अंधारात भिंतीला कान लावून बसायचा. त्याची ती भीती ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्यासमोर कोणी त्या अवस्थेला सत्यदर्शन म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने त्याच्या डॉक्टरांना फोन केला. चार दिवसांच्या खंडानंतर कोणत्या मात्रेने सुरुवात करायची ते त्यांनी सांगितले, आणि मग तो किती वाजता झोपतो, जेवताना सगळ्यांसोबत बसतो का, मीटरचा विषय पुन्हा निघाला का, एवढे विचारून त्याला शुक्रवारी घेऊन यायला सांगितले.