एक पेग, तीन मोजे आणि तंबूतली शेगडी: रात्रीच्या गळाविषयीचा व्हायरल सल्ला तपासून पाहू

थंडी पडली की रात्री गळ टाकून बसणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश हमखास येतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘कानटोपी घाला, निम्मी उष्णता डोक्यातूनच जाते. घरूनच सगळे कपडे चढवून निघा, आत जाड सुती स्वेटशर्ट हवाच. मोज्यांचे तीन जोड, वरून प्लास्टिकची पिशवी. अधूनमधून एक पेग. फारच गारठलात तर निखाऱ्यांची शेगडी तंबूत घ्या आणि चेन लावा. बोटं बधिर झाली तर खसाखसा चोळा. हुडहुडी तासाभरात थांबते, शरीर सरावतं.’

यातली टोपी योग्य आहे, पण तिचं कारण चुकलंय. पिशवी अर्धी बरोबर आहे. शेगडी आणि शेवटचं वाक्य मात्र जीव घेऊ शकतं.

शांत बसलेलं शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. भराभर चालताना हाच आकडा तिपटीवर जातो. चालणाऱ्याला पुरणारे कपडे गळ टाकून सहा तास खुर्चीत बसणाऱ्याला पुरत नाहीत, ते यामुळेच. अंगातले 100 वॅट वाऱ्याला, ओलीला आणि जमिनीला किती कमी द्यायचे, एवढाच खरा प्रश्न आहे.

‘निम्मी उष्णता डोक्यातून जाते’

डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा 7 ते 10 टक्के भाग, आणि उष्णताही साधारण तेवढीच जाते. 40-45 टक्क्यांचा आकडा अमेरिकी सैन्याच्या 1970 सालच्या एका पुस्तिकेतून पसरला. बाकी सगळं अंग झाकलेलं आणि डोकं तेवढं उघडं असेल, तर डोक्याचा वाटा मोठा दिसणारच. टोपी घालाच, पण टोपी आहे म्हणून पँट पातळ चालेल असं समजू नका. बसलेल्या माणसाच्या मांड्या आणि गुडघे थेट वाऱ्याच्या तोंडी असतात.

‘घरूनच सगळं चढवून निघा’

काठ्या, खुर्ची, पेटी घेऊन पंधरा मिनिटं चाललं की पाठ घामानं भिजते. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगानं उष्णता वाहून नेतं. सुती कापड घाम पिऊन अंगाला चिकटतं, धाग्यांमधली हवा जाते, आणि स्वेटशर्ट जितका जाड तितका तो उशिरा वाळतो. मध्यरात्री पाठीतून जी शिरशिरी येते ती बहुतेक वेळा संध्याकाळच्या घामाची असते.

चालताना थोडं गार वाटेल इतकेच कपडे ठेवा. पोचल्यावर आधी काठ्या लावू नका, आधी आतला शर्ट बदला. अंगालगत पातळ लोकरी किंवा पॉलिएस्टरचा थर, त्यावर फ्लीस किंवा लोकर, त्यावर पिसांचं किंवा कृत्रिम भरावाचं जॅकेट, सर्वांत वर वारा अडवणारं कवच. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही ओली लागत नाही. पिसं मात्र भिजली की गोळा होतात. दव आणि धुकं असलेल्या पाणवठ्यावर कृत्रिम भरावच बरा.

कवचाला कमी लेखू नका. तापमान 0 अंश आणि वारा ताशी 30 किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे 6 ते 7 अंशांसारखं झोंबतं. वाऱ्याकडे पाठ करून बसता येईल अशी जागा उजेडातच हेरून ठेवावी.

‘तीन मोजे, वर पिशवी’

तिसरा जोड चढवला की बूट आवळतो, लोकर दबते, तिच्यातली हवा जाते, रक्तही नीट फिरत नाही. मग पाय एका जोडीपेक्षा जास्त गारठतात. एक पातळ, एक जाड लोकरी, आणि बूट एका मापानं मोठा. आत बोटं सहज हलली पाहिजेत, हीच कसोटी.

पिशवी जाड मोज्यावर घातली तर पायाचा घाम त्या मोज्यातच मुरतो. पातळ मोजा, मग पिशवी, मग जाड मोजा, असा क्रम ठेवला तर पातळ मोजा दमट होतो पण ऊब देणारा थर कोरडा राहतो. पातळ मोज्याचा एक कोरडा जोड मध्यरात्रीसाठी खिशात असावा.

आणि जी गोष्ट या संदेशात मुळीच नाही, ती म्हणजे पायाखालची जमीन. ओली माती, दगड, बर्फ तळव्यातून सतत उष्णता ओढत राहतात. पाणी न शोषणाऱ्या फोमचे 10 मिलिमीटर जाडीचे, साधारण 50 बाय 50 सेंटिमीटरचे दोन तुकडे एकावर एक पायाखाली ठेवा, तसाच एक खुर्चीच्या कापडावर. तिसऱ्या मोज्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.

‘अधूनमधून एक पेग’

दारूनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात. गरम रक्त कातडीपाशी येतं म्हणून ऊब वाटते, आणि तिथूनच ती बाहेर निघून जाते. आतलं तापमान उतरत असतं, हुडहुडीही कमी होते, म्हणजे धोक्याची घंटा बंद. काळोखात निसरड्या काठावर तोल जाण्याची भीती वेगळीच.

त्यापेक्षा थर्मास. तो आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ते ओता, मग पेय भरा. सकाळपर्यंत फरक कळतो. दर दोन तासांनी काहीतरी खात राहा, उष्णता शेवटी अन्नातूनच येते.

‘शेगडी आत, चेन बंद’

निखारा धूर देत नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. अपुऱ्या हवेत धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्टपणे जुळतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि पेग घेतलेला माणूस ती दारूची समजून आडवा होतो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही इथे फसवतो, कारण त्याला हे रक्त ऑक्सिजन भरलेलंच दिसतं.

‘विझत आलेलीच तर शेगडी आहे’ हा युक्तिवादही टिकत नाही. राखेखालचे निखारे तासन्‌तास वायू सोडत राहतात. चेन चार बोटं उघडी ठेवणं हीसुद्धा हमी नव्हे. दव गोठलेल्या तंबूच्या कापडातून हवा आणखीच कमी जाते.

गॅसचा स्टोव्हही आत नको. तो आत घेण्याचा मोह होण्यामागे बहुतेकदा एक साधं कारण असतं: ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्यामुळे गोठणबिंदूजवळ नुसत्या ब्युटेनची नळकांडी मलूल होते. प्रोपेन मिसळलेली घ्या, आणि पेटवण्याआधी काही वेळ जॅकेटच्या आत ठेवा. पाणी बाहेर उकळा, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, मोज्यात घालून झोपण्याच्या पिशवीत घ्या. तंबूत हीच शेगडी. तंबूत डोकं दुखू लागलं तर खिडकी उघडून वाट पाहू नका. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि वैद्यकीय मदत बोलवायची.

‘बोटं चोळा’

नुसती गारठलेली बोटं काखेत धरली की पूर्ववत होतात. पण कातडी पांढुरकी, मेणासारखी, कडक झाली असेल तर तो हिमदंश. चोळण्यानं आतल्या पेशी फाटतात, आणि बधिर हात शेकताना भाजलेलं कळत नाही. 37 ते 39 अंशांच्या पाण्यात बुडवावं, तेही पुन्हा गोठणार नाही अशा ठिकाणी पोचल्यावरच.

मुळात हात गारठतात ते ओले राहिल्यामुळे. मासा ओल्या हातानंच धरावा, नाहीतर त्याचा चिकट थर निघतो. पण सोडल्याबरोबर हात कोरडे पुसा. टॉवेल खुर्चीलाच टांगलेला हवा. गळ घरीच बांधून न्या, आमिष कापून न्या. लोखंडाच्या भुकटीच्या गरम पुड्यांना हवा लागते. बंद खिशात त्या थंडावतात, आणि थेट कातडीवर ठेवून झोपलात तर भाजतात.

‘हुडहुडी थांबते, शरीर सरावतं’

हुडहुडी म्हणजे शरीर स्नायू हलवून उष्णता बनवतंय. माणूस ऊबेत न येताच ती थांबली, तर शरीर सरावलेलं नसून हरत चाललेलं असतं. आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की बोलणं अडखळतं, गाठ बांधता येत नाही, माणूस हट्टी किंवा सुस्त होतो. ओलं अंग आणि वारा असेल तर हे 10 अंशांतही घडतं. त्याला स्वतःला ते कळत नाही, म्हणून सोबत्यानं अधूनमधून बोलतं करावं.

अशा वेळी वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढा, खाली फोम, वर कोरडी झोपण्याची पिशवी, डोकं झाकलेलं. शुद्धीवर असून नीट गिळता येत असेल तरच गोड गरम पेय द्या. हातपाय चोळू नका आणि ‘चाल, बरं वाटेल’ म्हणून उभं करू नका. आडवंच ठेवा, हळुवार हलवा: गारठलेलं हृदय धक्क्यानं ठोके चुकू शकतं. तेवढ्यात दुसऱ्यानं रुग्णवाहिकेला फोन लावलेला असावा.