किडलेले दात आणि आईच्या माथी मारलेला दोष

पालकांच्या, शिक्षकांच्या, बचत गटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. पूर्वीच्या लेकरांचे दात किडत नव्हते, कारण कडुलिंबाची काडी आणि चुलीतली राख होती. आजच्या आयांना लेकराचे दात घासायला वेळ नाही, रडलं की हातात चॉकलेट देतात. म्हणजे दात किडले ते आईच्या आळसाने. नाहीतर मग दात घराण्यातच खराब असतात, त्याला इलाज नाही. तसेही दुधाचे दात पडणारच, डॉक्टरवर पैसे घालवू नका. आणि टूथपेस्टमधलं फ्लोराइड विष आहे, लेकरांना देऊ नका.

मी दातांची डॉक्टर आहे. बीड जिल्ह्यात शाळा-अंगणवाड्यांमधून लेकरांची तोंडं तपासते. हा मेसेज मला पाठवणारे बहुतेक शिकलेले आणि भले लोक असतात, म्हणून तर त्याला उत्तर देणं भाग आहे. यातला आईवरचा आरोप मला सगळ्यांत घातक वाटतो. पण मेसेजची सुरुवात जुन्या काळापासून आहे, तर तिथूनच घेते.

पूर्वी दात कमी किडायचे, हे बऱ्याच अंशी खरं असणार. ज्या घरात साखर सणासुदीलाच यायची त्या घरातल्या लेकराच्या दातांना कीड कमीच लागणार. पण त्याचं श्रेय राखेला जात नाही. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे आणि जपानमध्ये साखरेची टंचाई झाली, तेव्हा तिथल्या मुलांमधली दातांची कीड घटली. युद्ध संपलं, साखर परत आली आणि कीडही परत वाढली. त्या वर्षांत आया बदलल्या नव्हत्या, बाजारात मिळणारा माल बदलला होता. आपल्याकडेही तेच झालंय. तांड्यावरच्या, वस्तीवरच्या टपरीत आज भाजी मिळेलच असं नाही, पण पाच रुपयांचा बिस्किटपुडा हमखास मिळतो.

कडुलिंबाच्या काडीबद्दल माझी तक्रार नाही. नीट चावून, नीट फिरवून घासली तर दात स्वच्छ होतात. फक्त तिच्यात फ्लोराइड नसतं. राख, कोळसा, विटकरीची भुकटी मात्र दातावरचं कठीण आवरण खरवडून काढतात. आणि जुन्या काळाचं कौतुक करताना मिसरीचं नाव कुणी घेत नाही. तंबाखू भाजून केलेली ती पूड आजही कितीतरी घरांत सकाळी तळहातावर असते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला कोण अडवणार? आजीचं बघून नात बोट बुडवते, हे मी पाहिलेलं आहे.

आता आई.

धारूर तालुक्यातल्या एका गावात टोळ्या ऊसतोडीवरून परत आल्या, तेव्हाची गोष्ट. अंगणवाडीत पाच वर्षांचं एक पोरगं तपासायला बसलं. वरचे समोरचे चारही दात हिरडीलगत काळे खुंट झालेले. खालच्या डाव्या दाढेत मोठा खड्डा आणि तिच्या बाजूला हिरडीवर मुगाएवढी पुळी, दाबली की पू येणारी. पोरगं उजव्या बाजूनेच चावत होतं. आई शेजारीच उभी होती. मी काही विचारायच्या आधीच तीच खालमानेनं बोलायला लागली, “मॅडम, तिथं रात्री तीनला उठावं लागतंय. लेकरू कोपीत झोपलेलंच ऱ्हातंय, थोरल्या पोरीपाशी. उठल्यावर रडू नाई म्हणून चहा अन् पुडा ठिवून जायचं. दुसरं काय ठिवावं, तुमीच सांगा.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी; त्या कोयत्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. एक दिवस खाडा पडला की तो उचलीतून कापला जातो. कोपी म्हणजे फडाजवळची तात्पुरती झोपडी, तिथे नळ नाही. पाणी मिळतं ते आधी प्यायला आणि भाकरी थापायला. दूध परवडत नाही, म्हणून कोरा चहा, आणि पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून तो गोड. लेकरू सांभाळणारी थोरली पोरगी स्वतःच आठ-नऊ वर्षांची. दिवाळीच्या मागेपुढे निघालेलं हे घर पाडव्याच्या सुमारास गावाकडे येतं. या पाच-सहा महिन्यांत त्या बाईने कधी, कुठल्या पाण्याने आणि कुठल्या ब्रशने लेकराचे दात घासायचे?

त्या पुड्याने दाताचं काय होतं तेही सांगते. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. आम्ल वाढलं की पीएच हा आकडा घटतो; तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या आवरणातले क्षार विरघळायला लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते, पण त्याला अर्धा तास तरी जातो. म्हणून एकदाच भरपूर गोड खाण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं गोड तोंडात असणं दाताला जास्त मारक. स्वीडनमधल्या विपेहोल्म या संस्थेत १९४० च्या दशकात झालेल्या प्रयोगातून हे ठळकपणे पुढे आलं. मतिमंद म्हणून ठेवलेल्या माणसांना मुद्दाम चिकट गोड पदार्थ चारून तो प्रयोग केला होता. तो निर्दयच होता, आणि त्यातली माहिती वापरताना हे विसरता येत नाही. त्यातून कळलं ते असं: जेवणाच्या मधल्या वेळेत वारंवार खाल्लेलं, दाताला चिकटून राहणारं गोड सगळ्यांत जास्त कीड करतं. चहात बुडवलेलं बिस्कीट दाढेच्या खाचेत लगद्यासारखं बसतं. कोपीतल्या लेकराला ते दिवसातून चार-पाच वेळा मिळतं, कारण ते स्वस्त आहे, नासत नाही आणि शिजवावं लागत नाही.

दोष एकट्या आळसाचा असता तर किडलेले दात श्रीमंत आणि गरीब घरांत सारखेच दिसले असते. तसं दिसत नाही. देशोदेशीच्या पाहण्यांत उत्पन्न आणि शिक्षण पायरीपायरीने कमी होत गेलं की लेकरांची कीड पायरीपायरीने वाढत जाते. सुसान फिशर-ओवेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांच्या मुखआरोग्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टींची मांडणी केली. तिच्यात लेकरू, घर आणि वस्ती असे तीन थर आहेत. लेकराचं शरीर आणि सवयी आहेतच, पण घरातला पैसा, आईवरचा ताण, वस्तीतलं पाणी, जवळचा दवाखाना यांनाही तितकंच स्थान आहे. आपल्या देशात २००२-०३ च्या राष्ट्रीय मुखआरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या लेकरांचे दात किडलेले आढळले. निम्म्या देशातल्या आया एकदम आळशी झाल्या, असं म्हणायचं आहे का?

“पण आयांना शिकवलं पाहिजे ना?” असं मला शिक्षक विचारतात. शिकवावं. मीही सांगतच असते. पण नुसत्या सांगण्याने काय होतं, याचाही अभ्यास झालेला आहे. केय आणि लॉकर या संशोधकांनी १९९० च्या दशकात दातांच्या आरोग्यशिक्षणाचे तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. लोकांची माहिती वाढते, दात थोडे दिवस जरा स्वच्छ राहतात, पण नुसत्या शिक्षणाने कीड कमी झाल्याचं त्यांना दिसलं नाही. याउलट स्कॉटलंडचं पाहा. तिथे ‘चाइल्डस्माइल’ योजनेत बालवाड्यांमध्येच फ्लोराइड पेस्टने रोज, बाईंच्या देखरेखीखाली दात घासायला सुरुवात झाली. ब्रश आणि पेस्ट सरकारची. २००३ मध्ये तिथल्या पहिलीतल्या ४५ टक्के मुलांच्या दातांवर कीड दिसत नव्हती. २०२० पर्यंत हे प्रमाण ७४ टक्क्यांवर गेलं. गरीब वस्त्यांतली मुलं अजूनही मागे आहेत, पण त्यांचेही दात सुधारले. आयांना दोष न देता, घरात जे होऊ शकत नाही ते बालवाडीत करून दाखवलं.

दोष चुकीच्या माणसावर टाकला की काय होतं, हे पाहायचं तर नांदेड जिल्ह्यात किनवटकडे जा. तिथे ग्रॅनाइटच्या खडकातलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. त्याच्यावर असलेलं पाणी लेकरं लहानपणापासून प्यायली की हिरडीच्या आत बनत असलेल्या दातांतच बिघाड होतो. दात बाहेर येतात तेच पांढऱ्या ठिपक्यांचे, पिवळे, तपकिरी पट्ट्यांचे. ती घाण नव्हे, दाताच्या घडणीतलाच डाग. कितीही घासा, निघणार नाही. तरी अशा मुलींना वर्गात “दात घासत जा” असं ऐकावं लागतं, आणि त्या तोंडावर हात धरूनच हसतात. लग्नाच्या वयात तर हा डाग फार महाग पडतो. पाणी बदलायचं काम पोरीचंही नाही आणि तिच्या आईचंही नाही.

इथूनच फ्लोराइडच्या दाव्याकडे येते. “विष” म्हणणाऱ्यांनी किनवटचं नाव ऐकलेलं असतं, आणि त्यांची भीती अगदीच हवेतली नाही. पण पोटात वर्षानुवर्षं जाणारं पाणी वेगळं आणि दातावर लावून थुंकलेली पेस्ट वेगळी. १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइडची पेस्ट कीड रोखते, हे दंतशास्त्रातल्या सगळ्यांत भक्कम पुराव्यांपैकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या लेकराला वाटाण्याएवढी, आणि घासताना मोठं माणूस जवळ. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात तशी लावू नका. गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा आणि पाण्याच्या तपासणीसाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागा.

आनुवंशिकतेचं उत्तर थोडक्यात. एका घरातल्या माणसांचं रक्त एक असतं, तसंच पाणी, चूल आणि पैशाची चणचणही एक असते. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कीड लागण्यात जनुकांपेक्षा परिस्थितीचा वाटा मोठा निघाला. “घराण्यातच खराब” म्हणून हात झटकता येत नाहीत.

“दुधाचे दात पडणारच” हे वाक्य मला रोज ऐकू येतं, आणि त्याने लेकरांचे फार हाल होतात. समोरचे दात सहा-सात वर्षांनी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. किडलेल्या दाढेवर पाच-सहा वर्षं काढायची म्हणजे रात्रीची ठणक, एका बाजूने चावणं, भाकरी नको म्हणणं. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही धक्का बसतो. दाढ लवकर गेली तर शेजारचे दात सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो. फिलिपिन्समध्ये बारा वर्षांच्या मुलांच्या पाहणीत, ज्यांच्या तोंडात मुळापर्यंत गेलेली, उपचार न झालेली कीड होती, त्यांच्यात कमी वजनाचं प्रमाण जास्त आढळलं. कुपोषणाची यादी करताना लेकराचा दंड मोजतो, वजन घेतो; त्याला चावता येतं का, हेही बघायला हवं.

पैसे घालवू नका म्हणणाऱ्यांना माहीत नसतं की घालवायलाच पैसे नसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांचा डॉक्टर सहसा नसतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. केसपेपर स्वस्त असतो, पण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून तो दिवस महाग पडतो. मुळाचा उपचार दोन-तीन खेपांचा. मग बाई एका खेपेत दाढ काढून घेते आणि आम्हीच तिला अडाणी म्हणतो. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय १९८२ पासून आहे, काम चांगलं आहे, पण किनवटहून ते तीनशे किलोमीटरांहून लांब.

करण्यासारखं इथेच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. अंगणवाडीची वर्षातून दोनदा आणि शाळेची एकदा तपासणी त्यात आहे, दातही त्यात आहेत. ऊसतोडीच्या तालुक्यांत पथक डिसेंबर-जानेवारीत शाळेत गेलं, तर ज्या लेकरांना सगळ्यांत जास्त गरज आहे तीच हजेरीपटावर नुसती नावाला असतात. म्हणून बीड, केज, धारूर, पाटोदा, आष्टी इथल्या तपासण्या जून ते सप्टेंबरमध्ये उरकाव्यात आणि पुढे उपचाराला पाठवलेल्या लेकरांच्या दाढा दसऱ्याआधी भरून व्हाव्यात. ड्रिल न लावता कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषधही आता जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच यादीत आहे. ते अंगणवाडीतही लावता येतं. दात काळा पडतो एवढं आईला आधी सांगायचं. आणि आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या लेकरांच्या हंगामी वसतिगृहात ब्रश, पेस्ट आणि रात्रीच्या जेवणानंतर दात घासायची वेळ हवी. गावात वसतिगृह असेल तर मुख्याध्यापकांना विचारा, यंदाच्या खर्चात ब्रश-पेस्ट धरलं आहे का.