फायरकॉम नावाचा माणूस

परवा ग्रुपवर कुणीतरी मला 'आपल्या ग्रुपची फायर ब्रिगेड' म्हणालं आणि खाली धडाधड हसणारे इमोजी पडले. म्हटलं चला, एकदाचं लिहूनच टाकू. तर हो, मी सिडनीत राहते, दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसते आणि उन्हाळ्यात संध्याकाळी पोळ्या लाटताना गाणी न लावता आरएफएसचा रेडिओ ऐकते. आरएफएस म्हणजे न्यू साउथ वेल्सची रूरल फायर सर्व्हिस. शहरातली पगारी फायर ब्रिगेड वेगळी. आरएफएसमध्ये सत्तर हजारांच्या वर व्हॉलंटियर आहेत, म्हणजे सकाळी तुमचा नळ दुरुस्त करून गेलेला माणूस दुपारी पिवळे कपडे घालून कुणाचं तरी पेटलेलं रान विझवत असतो, तेही फुकट. १८९६ साली बेरिगन नावाच्या गावाने अशी पहिली ब्रिगेड काढली, तेव्हापासून हे असंच चालू आहे.

मला हे वेड लागलं २०१९ च्या उन्हाळ्यात (इकडचा उन्हाळा डिसेंबरात). आमचं घर शहराच्या वायव्य टोकाला, पुढे हॉक्सबरी आणि मग रानच रान. २६ ऑक्टोबरला वॉलेमाय नॅशनल पार्कात वीज पडून गॉस्पर्स माउंटनची आग लागली, ती आटोक्यात आली १२ जानेवारीला, तोवर पाच लाख हेक्टरच्या वर जंगल खाल्लेलं. मधे १२ नोव्हेंबरला सिडनीसाठी पहिल्यांदाच 'कॅटास्ट्रॉफिक', म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचा धोका जाहीर झाला. दोरीवरचे कपडे काढायला गेलं की त्यावर जळकी पानं पडलेली असायची, अख्खी, एकेक शीर दिसेल अशी, आणि बोट लावलं की नुसती पूड. बातम्यांत तेच तेच दाखवायचे, आरएफएसच्या ॲपवरचा आगींचा नकाशा रिफ्रेश करून करून अंगठा दुखायचा. शेवटी शेजारच्या आजोबांच्या स्कॅनरवर, म्हणजे असलं रेडिओवरचं बोलणं पकडणाऱ्या यंत्रावर, जे ऐकलं त्याने डोक्यात किडा शिरला आणि मी एक सेकंडहँड डिजिटल स्कॅनर घेतला. नवरा म्हणाला, एवढ्यात चांगला मिक्सर आला असता. बरोबर आहे, आला असता.

त्यांच्या रेडिओची सिस्टीम मजेशीर आहे. कुणी एक चॅनेल धरून बसत नाही, जी फ्रिक्वेन्सी मोकळी असेल ती कॉम्प्युटर वाटत जातो, आणि एका कामाची माणसं एका टॉकग्रुपमध्ये एकमेकांना ऐकतात. स्कॅनर त्यांच्यामागे पळतो. पोलिसांचं ऐकू येत नाही, ते कुलूपबंद. आरएफएसचं येतं. प्रत्येक गाडीचं नाव म्हणजे आधी ब्रिगेडच्या गावाचं नाव, मग आकडा, मग अक्षर (आल्फा, ब्राव्हो). वन (१) म्हणजे मोठा टँकर, सेव्हन म्हणजे त्याहून लहान, नाइन म्हणजे पिकअपसारखी छोटी चपळ गाडी. आणि हे सगळे ज्याला हाक मारतात तो फायरकॉम, म्हणजे त्यांची कंट्रोल रूम.

त्या वर्षी सासूबाई आल्या होत्या, पाटणकडच्या, इंग्रजी अजिबात नाही. मी ऐकायला बसले की त्याही शेंगा सोलत शेजारी बसायच्या. चार-पाच दिवसांनी मला विचारतात, "हा फायरकॉम नावाचा माणूस झोपतो कधी गं?" मी हसून हसून लोटपोट, मग समजावलं की तो माणूस नाही, ऑफिस आहे, आळीपाळीने लोक बसतात. त्या म्हणाल्या, "असू दे. पण चांगला आहे बिचारा, कुणावर ओरडत नाही."

बाईंनी एका वाक्यात जे पकडलं ते मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. बातम्यांत जी आग बघून आपला जीव वर-खाली होतो तिच्याबद्दलच हे लोक रेडिओवर असं बोलतात जणू वाणसामानाची यादी सांगतायत. वारा कुठून, किती गाड्या, पाणी किती उरलं, कोणती घरं वाटेत. सिटरेप द्यायचा, म्हणजे परिस्थिती सांगायची, आणि गप्प बसायचं, कारण तुम्ही बोलत असाल तेव्हा दुसऱ्या कुणालातरी मदत मागायची असू शकते. सासूबाई म्हणाल्या आमच्याकडे डोंगराला वणवा लागला की पहिली गावभर बोंब, मग ज्याच्या हाताला जी ओली डहाळी लागेल ती घेऊन झोडपत सुटायचं, कोण कुठे गेलंय याचा पत्ता नाही. जाळरेषा त्यांना माहीत होती, वनखातं काढतं ती. त्यामुळे बॅकबर्न त्यांना माझ्याआधी कळलं, आगीच्या वाटेतलं गवत-पाला आपणच आधी जाळून टाकायचं, "म्हणजे तिचं जेवण आधीच संपवायचं". (वणवे लावणारेही आपलेच असतात हेही त्यांनीच सांगितलं, जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं म्हणून.) आणि मग १४ डिसेंबरला माउंट विल्सनजवळ असंच लावलेलं बॅकबर्न हाताबाहेर गेलं आणि माउंट टोमा, बिल्पिन या गावांकडे सुटलं. सासूबाईंनी नुसतं "अरे देवा" म्हटलं आणि शेंगांची परात बाजूला ठेवली.

पण लोकांना वाटतं मी रोज असलं काहीतरी थरारक ऐकते. अहो नाही हो! नव्वद टक्के वेळ निव्वळ कंटाळा. कुणाला तरी धूर दिसतो, ट्रिपल झिरोला (इकडचा इमर्जन्सी नंबर) फोन जातो, गाडी निघते, वीस मिनिटांनी कळतं की शेतकऱ्याने परवाना काढून पाला जाळलाय, सगळं रीतसर, पण कळवायचं विसरला. गाडी परत. कुठे फायर अलार्म वाजला, टोस्ट जळलेला. आणि वर्किंग डेला दुपारी तर एक विचित्र शांतता असते, ब्रिगेडला कॉल जातो आणि कुणी उत्तरच देत नाही, कारण सगळे आपापल्या नोकरीवर. मग पुढच्या गावाला हाक. हे ऐकताना मला आगीपेक्षा जास्त धडधडतं.

आता माझी चूक सांगते, कारण तिच्याशिवाय या पोस्टला अर्थ नाही. त्याच डिसेंबरात एका शनिवारी स्कॅनरवर एका रस्त्याचं नाव आणि 'प्रॉपर्टी अंडर थ्रेट' एवढंच ऐकलं. त्या नावाचा रस्ता आमच्याच सबर्बमध्ये आहे. ॲप बघितलं नाही, नकाशा बघितला नाही, सरळ ग्रुपवर टाकलं, बॅगा भरा, आग आपल्याकडे आलीय. कॅपिटल अक्षरांत. एका घरात तीन आठवड्यांचं बाळ होतं, ती माणसं बाळाला घेऊन निघाली आणि शॉपिंग सेंटरच्या तापलेल्या पार्किंगमध्ये चार तास बसली. तो रस्ता निघाला कितीतरी किलोमीटर लांब, त्याच नावाचा दुसरा. संध्याकाळी माफी मागायला गेले तर बाळाची आजी काही बोलली नाही, चहा ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून माझं मत असं झालंय की ऐका, जरूर ऐका, पण ऐकलेलं पुढे ढकलू नका. आपण घरात बसून ऐकतो ते अर्धंच असतं. आगीपाशी गाड्या एकमेकांशी बोलतात ते फायरग्राउंड चॅनेलवर, ते तेवढ्या परिसरातच पोचतं, आपल्यापर्यंत येतच नाही. शेतकरी पिकअपवर पाण्याची टाकी टाकून आलेला असतो, त्याच्याशी बोलणं सीबी रेडिओवर. म्हणजे आपल्या कानावर एक वाक्य येतं आणि त्याच्या मागची-पुढची दहा वाक्यं दुसरीकडे. ॲप उशिरा सांगतं अशी सगळ्यांची तक्रार, माझीही आहे, पण त्यावरचं ॲडव्हाइस, वॉच अँड ॲक्ट, इमर्जन्सी वॉर्निंग हे चढत्या धोक्याचं लेबल कुणीतरी ती दहाही वाक्यं ऐकून लावलेलं असतं. घर सोडायचं की नाही हे त्यावर ठरवा, माझ्या स्कॅनरवर नको.

दुसरीकडून एक मैत्रीण म्हणते हे विकृत आहे, लोकांच्या संकटाची करमणूक. यावर मी बराच विचार केला आणि अर्धं मान्य आहे. आरएफएसवाले रस्त्यावरच्या अपघातांनाही जातात, तो कॉल आला की मी आवाज बंद करते, ते कुणाचं तरी खाजगी असतं. पण आगीचं तसं वाटत नाही मला. १९ डिसेंबरच्या रात्री मी स्कॅनर बंद करून झोपले होते. त्या रात्री बक्स्टनजवळ झाड आदळून टँकर उलटला आणि हॉर्स्ली पार्क ब्रिगेडचे जेफ्री कीटन आणि अँड्र्यू ओड्वायर गेले. दोघांचीही लेकरं दोन वर्षांच्या आतली. सकाळी बातमी वाचताना वाटलं, आपण ज्यांना 'वन आल्फा', 'सेव्हन ब्राव्हो' म्हणून ओळखतो त्यांना चेहरे आहेत हे मी सोयीने विसरलेय. तेव्हापासून कुठलीही गाडी स्टेशनला परत पोचल्याचं ऐकल्याशिवाय मला पोळ्या गोड लागत नाहीत. करमणूक म्हणायचं तर म्हणा.

फेब्रुवारीत चार दिवस असा पाऊस कोसळला की आगी विझल्या आणि रस्ते तुंबले. रेडिओवर तेच आवाज, तेच टँकर, आता पाण्याच्या कामाला. सासूबाई दारात उभ्या राहून पाऊस बघत होत्या, त्याच महिन्यात परत गेल्या. आता रविवारी व्हिडिओ कॉल असतो. नातवाची चौकशी होते, माझ्या गुडघ्याची होते, नवऱ्याच्या वजनाची होते, आणि ठेवता ठेवता हमखास विचारतात, "आणि फायरकॉम बरा आहे ना?"