नवतपात तापवून कुत्रा पक्का होत नाही

‘सीझनआधी पॉइंटर कसा तयार करावा’ (पॉइंटर म्हणजे शिकारीत पक्ष्याचा वास काढून तो दाखवणारा कुत्रा) अशा मथळ्याचा सात कलमी संदेश गेल्या उन्हाळ्यापासून विदर्भातल्या कुत्री पाळणाऱ्यांच्या गटांमधून फिरतो आहे. मी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा सोडून दिला. मे महिन्यात मात्र तो आमच्या घरच्या गटावर आला, तोही माझ्या भाच्याने पाठवलेला, आणि खाली त्याने लिहिले होते, ‘मामा, उद्यापासून सुरू करतो.’ त्याच्याकडे दीड वर्षाचा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर आहे, त्यामुळे या वेळी गप्प बसणे जमले नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. नवतपाचे, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस कुत्र्याला भर दुपारी दुचाकीमागे आठ किलोमीटर पळवावे, म्हणजे तो वर्षभर थकत नाही. पळताना आणि नंतर तासभर पाणी देऊ नये. अंग कितीही तापले तरी गार पाणी ओतू नये, झटका बसून हृदय बंद पडते. डांबरावर पळवल्याने पंजे घट्ट होतात. जवळ सुतळी बॉम्ब फोडल्याने बंदुकीची भीती जाते. गोचिडांसाठी रोज लसूण चारावा. आणि तितर-बटेर ही ‘छोटी शिकार’ असल्यामुळे तिला परवानगी लागत नाही.

यातले वेळापत्रक मुळात परदेशी आहे, हे पक्षी टिपणाऱ्या कुत्र्यांशी थोडाफार संबंध असलेल्या कुणालाही कळेल. अमेरिकेत अशा शिकारीचा हंगाम साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडतो, म्हणून तिथले लोक त्याआधीचे सहा-आठ आठवडे कुत्र्याचा दम वाढवतात. सुरुवात वीस मिनिटांनी होते, वेळ पहाटेची असते आणि जमेल तिथे धावण्याऐवजी पोहण्यावर भर असतो. एवढे करूनही 2003 मध्ये साउथ डकोटा राज्यात हंगामाच्या पहिल्याच शनिवार-रविवारी उष्म्याने शंभरावर कुत्री दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. तिथल्या ‘उन्हाळ्या’चा कुणीतरी आपला नवतपा करून टाकला, आणि तोही नागपुरासारख्या शहरात, जिथे 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता.

कुत्र्याचे शरीर उन्हाला काही प्रमाणात सरावते, हे मी मान्य करतो. पण तो सराव काही आठवड्यांत, सोसेल तेवढ्या उष्म्यात आणि भरपूर पाण्यावर होतो. भट्टीत विटा भाजतात तसा कुत्रा भाजून होत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तो नगण्य असतो, म्हणून त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर असते. त्याचे नेहमीचे तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गार असेल तर काही उष्णता आपोआप बाहेर जाते, पण हवाच 45 अंशांची झाली की उष्णता उलट बाहेरून आत येऊ लागते. मग जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडून जेवढा गारवा मिळेल तेवढाच काय तो आधार उरतो, आणि तो ओलावा पिलेल्या पाण्यातूनच येतो. म्हणजे पहिल्या कलमाने कुत्रा तापवायचा आणि दुसऱ्या कलमाने त्याचा एकमेव कूलर बंद करायचा, असा हा सल्ला आहे. संदेश लिहिणाऱ्याने स्वतः दुपारी दोन वाजता लोकरीचा कोट घालून, तोंड कोरडे ठेवून हिंगणा रस्त्यावर एक फेरी मारावी आणि मग इतरांना शिकवावे.

भाच्याने दुपारची वेळ तेवढी टाळली, पण सकाळी साडेदहाला तो निघाला, आणि मेमधले साडेदहा म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा कुत्रा पोर्चमध्ये आडवा पडला होता. जीभ टोकाला खुरप्यासारखी रुंद झाली होती, लाळ गोंदासारखी चिकट होती, आणि उठवायला गेलो तर मागचा एक पाय घासत होता. शेजारी पाण्याने भरलेली बादली होती. ती कुणी वापरली नव्हती, कारण तिसऱ्या कलमात गार पाण्याला मनाई होती! भाचा ओला टॉवेल अंगावर टाकून गाडीची वाट पाहत उभा होता. आम्ही टॉवेल काढला, बादली ओतली, मग कूलरच्या टाकीतले पाणी मग्ग्याने पोटावर, काखांत आणि जांघांत ओतत राहिलो, समोर पंखा लावला आणि धाप उतरू लागल्यावरच दवाखाना गाठला. कुत्रा वाचला. दोन दिवस सलाइन लागले.

सर्वांत घातक कलम तिसरेच आहे, कारण पहिल्या दोन कलमांनी झालेली चूक सुधारण्याची संधीही ते हिरावून घेते. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या लाखो नोंदी तपासून 2020 मध्ये दाखवले की उष्म्याने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश कुत्री बंद गाडीत अडकल्यामुळे नव्हे, तर पळण्या-फिरण्याच्या श्रमामुळे आजारी पडली होती. हे ब्रिटनच्या हवेत, हे विसरू नये. त्याच अभ्यासकांचा पुढचा आग्रह असा की आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. तरुण, निरोगी कुत्र्याला थेट गार पाण्यात बसवावे. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला पाणी ओतून वारा द्यावा. हाताशी असेल ते पाणी चालते, ते कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असले म्हणजे झाले. ओला टॉवेल पांघरून ठेवला तर उष्णता आत कोंडते. ‘झटक्या’ची भीती पिढ्यानपिढ्या सांगितली जाते, आणि तिच्यापायी मोलाची मिनिटे वाया जातात.

पाण्याच्या कलमात अर्धे सत्य आहे, तेही सांगून टाकतो. खोल छातीच्या कुत्र्यांना भरपेट जेवणानंतर लगेच पळवले तर पोट फुगून त्याला पीळ पडण्याची भीती असते. पण ही गोष्ट जेवणाची आहे. पळताना मधूनमधून दिलेल्या चार घोट पाण्याची ती नाही.

डांबराबद्दल फार लिहायला नको. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघावी. आपल्याला सोसत नसेल तर कुत्र्यालाही सोसत नाही. पंजे माती-मुरमावर, हळूहळू घट्ट होतात, डांबरावर ते फक्त भाजतात. सुतळी बॉम्बने भीती जात नाही, कायमची बसते. जिथे बंदुकीची सवय लावतात, तिथे कुत्रा पक्ष्यात पूर्ण रमलेला असताना खूप लांबून हलका आवाज करतात आणि दिवसागणिक अंतर कमी करतात. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, तेव्हा गोचिडांसाठी पशुवैद्याकडून औषध घ्यावे.

राहिले शेवटचे कलम. एकेकाळी छोट्या शिकारीचे लायसन मिळत असे, हे खरे आहे. घरातल्या जुन्या माणसांच्या आठवणी खोट्या नाहीत. पण 1991 च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधली शिकारीची व्याख्या नुसत्या मारण्यापुरती नाही. पकडणे, हाकणे, सापळा लावणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे तिच्यात येते, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटी विस्कटणेही येते. पावसाळा सुरू झाला की पडीक शेतांत रंगीत तितर आणि बटेर जमिनीवरच घरटी करतात. तिथे ‘फक्त सरावाला’ म्हणून कुत्रा सोडणाऱ्याने ही व्याख्या आधी वाचावी. मुळात हंगामच नाही, तर हंगामपूर्व तयारी कशाची?

पॉइंटरला काम मात्र लागते. ते नसेल तर तो घरातली गादी फाडतो. भाचा आता पहाटे पाचला निघतो आणि साडेसहाच्या आत घरी असतो. कोंबडीचे पीस दोरीला बांधून तो गवतात लपवतो, कुत्रा वास घेत येतो आणि पुढचा पाय उचलून, शेपटी ताणून थिजतो. ‘थांब’ म्हटल्यावर पूर्ण एक मिनिट हलायचे नाही, एवढाच सध्याचा धडा आहे, आणि तो अजून चाळीस सेकंदांवर अडला आहे.