आपल्याच गाडीच्या उजेडात

आधी कबुली. मीसुद्धा बसवला होता. आमच्या जुन्या हॅचबॅकच्या हेडलाइटला झेनॉन वायूच्या बल्बांचा किट, ६००० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप), दोन बल्ब, ते पेटवणारे दोन बॅलास्ट, मजुरीसकट साडेचार हजार. पहिल्या रात्री इथे गोव्यात साखळीहून केरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा वाटलं, आजवर आपण काजव्याच्या उजेडात गाडी चालवत होतो. सगळं पांढरंशुभ्र. रस्त्याकडेचा दगड न् दगड दिसत होता. समोरचे लोक वरचेवर डिप्पर मारत होते आणि मला वाटत होतं, जळतायत माझ्यावर.

मग पावसाळा आला. आषाढातली रात्र, नाटकाची तालीम संपवून मी स्कूटरवरून घरी निघालेलो. हेल्मेटची काच जुनी, ओरखडे पडलेली, त्यावर पावसाचे थेंब. वळणावरून एक गाडी आली आणि माझ्यापुरता रस्ता संपला. थेंबाथेंबात एकेक चांदणी. रस्त्याची कड कुठे, गटार कुठे, काही कळेना. स्कूटर कशीबशी बाजूला घेतली, पाय चिखलात टेकला आणि ड्रायव्हरच्या कुळाचा उद्धार केला. (आम्ही लिहितो मराठीत, पण शिव्या कोकणीतच येतात, काय करणार.) गाडी पुढे जाऊन थांबली. काच खाली झाली. "दादा, तूं रे?"

धाकटा भाऊ. माझी गाडी. माझा किट. आणि वर बिचारा डीमवरच चालवत होता, अप्परवर नव्हे.

ह्या "डीमवरच होता" चा मला उलगडा होईना. बॅटरीच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने मग जुना एच-४ बल्ब, म्हणजे साध्या गाडीतला हॅलोजनचा, हातात दिला आणि म्हणाला, नीट बघ. आत दोन फिलामेंट असतात. डीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती वाटी उजेड रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या आरशाच्या, खालच्या अर्ध्या भागावर पडूच देत नाही. वरच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड परतताना रस्त्यावर उतरतो. म्हणून हॅलोजनचा डीम खाली राहतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक त्या फिलामेंटची जागा धरून काढलेला असतो, मिलिमीटरच्या हिशोबात. झेनॉनमध्ये फिलामेंटच नाही. दोन टोकांमध्ये विजेची कमान पेटते, तिचा आकार वेगळा, जागा वेगळी, आणि ती दोन्ही टोकांकडे जास्त प्रखर. स्वस्त किटमध्ये पत्र्याची आड बसवलेली असते, पण कुठे, किती, हे रामभरोसे. परिणाम असा की रिफ्लेक्टर उजेड फेकतो खरा, पण कुठे फेकायचा हे त्याला कळत नाही. थोडा रस्त्यावर, थोडा झाडावर, आणि बराचसा समोरच्याच्या डोळ्यांत.

आता आकडे बघा. हॅलोजन एच-४ चा डीम ५५ वॅट खाऊन १००० ल्युमेनच्या (हे उजेडाचं माप) आसपास देतो. कंपनीतून येणारा चांगला झेनॉन ३५ वॅटमध्ये सुमारे ३२००. म्हणजे तिप्पट उजेड, तोही सैरावैरा. हे तंत्र वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. १९९१ पासून ते महागड्या जर्मन गाड्यांत कारखान्यातूनच येऊ लागलं. पण तिथे त्याच्यासाठी वेगळा हेडलॅम्प घडवत. युरोपच्या नियमांत तर २००० ल्युमेनच्या वर गेलात की गाडी मागे दबली तरी फोकस आपोआप खाली आणणारी यंत्रणा आणि हेडलाइटची काच धुणारा फवारा, दोन्ही सक्तीचे. आपण ते सगळं सोडून फक्त बल्ब उचलतो. ढोलकीवर तबल्याची शाई थापण्यासारखं झालं.

बरं, निदान आपल्याला तरी नीट दिसतं का? मला वाटायचं, दिसतं. प्रत्यक्षात गाडीच्या नाकासमोरचे पंधरा-वीस मीटर लख्ख होतात, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, आणि लांबचा काळोख आणखी काळा होतो. चोर्ला घाटात धुकं असेल तर विचारूच नका. वर उधळलेला उजेड धुक्यावर आपटून पुन्हा आपल्याच तोंडावर येतो. ओल्या डांबरावरचं पाणी आरशासारखं, उजेड पुढे निसटतो आणि रस्ता गायब. त्या घाटात एकदा मी हॅजर्ड लावून एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्याला धरून उतरलोय. साडेचार हजार खर्चून. निळसर दिसावा म्हणून ८००० केल्विनचे बल्ब घेणाऱ्यांचं तर विशेष कौतुक. कंपन्या साधारण ४३०० वापरतात. जितकं निळं कराल तितका उजेड कमी.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला नियम १०६ वाचा. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवेल असा दिवा चालत नाही. दीड मीटर म्हणजे साधारण स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोळे. गोव्यात निम्मं गाव स्कूटरवर असतं, हे कायदा लिहिणाऱ्याला जणू ठाऊकच होतं.

जुन्या दिव्यात रस्ता दिसत नाही ही तक्रार मात्र खरी आहे, तेही सांगतो. सत्तरीत, पेडण्यात रात्री रस्त्याच्या मधोमध गुरं बसलेली असतात, काळी म्हैस काळ्या डांबरावर, आणि जुन्या गाडीचा दिवा नुसता पिवळा धूर सोडतो. माणूस किट घेणार नाही तर काय करील? पण माझ्या गाडीत दोष बल्बचा नव्हताच. आधी हेडलाइटची प्लास्टिकची काच. आपलं ऊन आणि खारी हवा खाऊन ती जुन्या बाटलीसारखी पिवळी पडली होती. पॉलिश करून घेतली. मग वायरिंग. जुन्या स्विचमधून करंट जाताना व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज दहा टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के जातो. रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) टाकून बॅटरीतून थेट जाड वायर घेतली, तोच ५५ वॅटचा बल्ब, तर मीच दचकलो. साडेचार हजारांच्या निम्म्यातही भागलं.

कोणी म्हणेल, मग प्रोजेक्टरच (पुढे भिंग असलेला हेडलॅम्प) बसवतो. बसवा, तो खरा उपाय आहे. फक्त आणलेला तुकडा कुठल्या देशातला ते बघा. उजव्या बाजूने गाड्या चालतात तिथल्या प्रोजेक्टरचा कटऑफ, म्हणजे उजेडाची वरची कड, उजवीकडे वर चढतो. आपल्याकडे उजवीकडून समोरचा येतो, म्हणजे उजेड पुन्हा त्याच्याच डोळ्यांत.

आता झेनॉन मागे पडून सगळीकडे एलईडी बल्ब आलेत. हॅलोजनच्याच रिफ्लेक्टरात घुसवलेले. ओवी बदलली, जातं तेच.

आणि एक, डॅशबोर्डवर ० ते ३ लिहिलेली ती छोटी चक्री एसीची नव्हे. मागे चार माणसं आणि डिकीत तांदळाची पोती असली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा ती फिरवून फोकस खाली आणायचा असतो. मला स्वतःला ती गाडी घेतल्यावर नऊ वर्षांनी कळली.

साखळी, डिचोली, वाळपईकडचे कोणी असाल आणि फोकस तपासायचा असेल तर रविवारी या. आमच्या घरामागे लांबलचक पांढरी भिंत आहे, समोर दहा मीटर सपाट अंगण. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने लावायची, डीमची कड त्या खुणेच्या दहा सेंटीमीटर खाली यायला हवी, बाकी काम स्क्रू-ड्रायव्हरचं. चहा माझ्याकडून. पण सात वाजल्यानंतर या, दिवसाउजेडी भिंतीवर काही दिसत नाही.