एसीच्या गुणाकारात राहिलेली वजाबाकी

सध्या एक हिशेब सगळीकडे फिरतोय. दीड टनाचा एसी ‘तासाला पाच किलोवॉट’ उष्णता बाहेर फेकतो; त्याला शहरातल्या एसींच्या संख्येने गुणा, गाड्यांच्या इंधनातली वाया जाणारी 75 टक्के उष्णता मिळवा. शहरं आणि पृथ्वी तापतात ती यामुळेच, सूर्य तर पूर्वीही होता! पुराव्याला उपग्रहाचा लालभडक नकाशा.

किलोवॉट हा मुळातच दर आहे, त्यामुळे ‘तासाला’ कशाला ते कळत नाही. असो, मोठा घोळ पुढे आहे.

एसी खोलीतली उष्णता उपसतो. पूर्ण भारावर दीड टनाचं यंत्र साधारण 5.3 किलोवॉट उपसतं, त्यासाठी समजा 1.5 किलोवॉट वीज खातं आणि बाहेर 6.8 टाकतं. पण ते 5.3 खोलीत आले कुठून? बरेचसे भिंती-खिडक्यांतून, म्हणजे बाहेरूनच. उरलेले फ्रीज, टीव्ही, दिवे आणि माणसांचे, जे हिशेबात वेगळे धरलेलेच असतात. म्हणजे एसीच्या नावावर मांडायचे फक्त 1.5. बाकीचं दोनदा मोजणं झालं.

यात एक मेख आहे: नळीतून ठिबकणारं पाणी. बाष्पाचं लिटरभर पाणी होताना सुमारे 2.4 मेगाज्यूल उष्णता सुटते आणि बाहेरच्या युनिटचा पंखा ती गल्लीत सोडतो. पाणी गटारात गेलं तर ही भर थर्मामीटरवर दिसते. तिथेच वाळलं तर बरीचशी फिटते.

गाड्यांच्या बाबतीत उलट कमी मोजलंय. चाकांपर्यंत पोचलेली 25 टक्के ऊर्जाही ब्रेक, टायर आणि हवेच्या विरोधात खर्च होऊन शेवटी उष्णताच होते. लिटरभर पेट्रोलचे सुमारे 32 मेगाज्यूल पूर्ण धरायचे.

तरी आकडा केवढा होतो? एका चौरस किलोमीटरात रोज 10,000 लिटर पेट्रोल जळतंय असं धरा: चौरस मीटरमागे सरासरी 3.7 वॉट. तिथेच 20,000 माणसं, प्रत्येकी 100 वॉट: आणखी 2. भर दुपारचं स्वच्छ ऊन मात्र हजारच्या आसपास असतं. सूर्य पूर्वीचाच, कबूल. पण खालची जमीन बदलली. डांबर-काँक्रीट ऊन साठवतं, आणि ओल नसल्याने ते बाष्पीभवनात खर्च होत नाही.

नकाशाचं म्हणाल तर तो छपरांचं आणि रस्त्यांचं तापमान दाखवतो. त्यात उन्हाचा वाटा किती, यंत्रांचा किती, हे त्यातून कळत नाही.

पृथ्वीची गोष्ट तर एका ओळीत संपते: जगाचा सगळा ऊर्जावापर पृथ्वीवर पसरला तर चौरस मीटरला जेमतेम 0.04 वॉट, वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम दोन वॉटच्या वर.

पण म्हणून यंत्रांची उष्णता नगण्य म्हणणाऱ्यांनीही खूश होऊ नये. मध्य टोकियोच्या 1999 मधल्या अभ्यासात ही उष्णता चौरस मीटरला दिवसा 400 वॉटहून जास्त आणि हिवाळ्यात कमाल 1,590 वॉट निघाली होती. अमेरिकेतल्या फीनिक्स शहराच्या 2014 च्या अभ्यासात एसींच्या उष्णतेने दिवसा जवळपास काहीच फरक पडला नाही; रात्री मात्र काही भागांत पारा एक अंशाहून जास्त चढला. रात्री जमिनीलगतचा हवा मिसळणारा थर उथळ असतो, थोडी उष्णताही पुरते. शहराच्या वार्षिक सरासरीत हे दिसत नाही. हिशेब भागवार आणि तासवारच मांडावा लागतो.