२५२० 'एकमेव' नाही

दर काही महिन्यांनी फिरून येणारा तो संदेश परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा आला. त्याचं सार असं: २५२० ही विचित्र संख्या आहे, १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी दुसरी संख्याच नाही. जगभरचे गणिती चक्रावले, शेवटी रहस्य भारतात उलगडलं: आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने = २५२०. खाली रामानुजन यांचं नाव.

२५२० ला १ ते १० ने भाग जातो, हे खरं. पण 'एकमेव' साफ चूक. दुप्पट करा, ५०४०. तिप्पट करा, ७५६०. दोन्हींना तसाच भाग जातो, आणि अशा संख्यांना अंत नाही. २५२० त्यांतली सर्वांत लहान आहे, म्हणजेच १ ते १० चा लसावि.

यात चक्रावण्यासारखं काय आहे ते पाहायला सहावीतल्या भाचीला हा लसावि काढायला सांगितला. तिने आधी ८ लिहिले. २ आणि ४ त्यातच आले. मग ९, म्हणजे ३ ची सोय झाली आणि ६ चीही. ५ घेतल्यावर १० आले. उरले ७. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. वही मिटण्याआधी तिनेच विचारलं, "आणि ११ पण घेतला तर?" २७,७२०, आणि त्यात १२ ने भाग आपोआप जातो. 'दुसरी संख्याच नाही' असं सांगून आपण मुलांचा नेमका हाच प्रश्न मारतो, याचं मला वाईट वाटतं.

७ × ३० × १२ हा गुणाकार बरोबर आहे, पण ते कारण नव्हे. या तिघांचे मूळ अवयव पाडले की तीन वेळा २, दोन वेळा ३, एक ५ आणि एक ७ मिळतात, बस. ५६ × ४५ केलं तरी २५२० च येतात, आणि तिथे कालगणना कुठेच नाही. शिवाय ३० × १२ म्हणजे ३६० दिवस, तर आपलं चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. म्हणून तर अधिक मास धरावा लागतो.

हे गुपितही नव्हतं. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने सुमारे २४०० वर्षांपूर्वी आदर्श नगरातल्या नागरिकांसाठी ५०४० हा आकडा सुचवला, त्याला १ ते १० ने भाग जातो म्हणूनच.

राहिले रामानुजन. त्यांचं खरं काम या संदेशापेक्षा कितीतरी मोठं आहे. स्वतःपेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी १९१५ साली शोधनिबंध लिहिला. २५२० चे ४८ विभाजक आहेत, तिच्याहून लहान कुठल्याच संख्येला इतके नाहीत, म्हणून ती त्यांत बसते. त्यांची यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते. हिच्यात २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोनदा, तर ११, १३, १७, १९, २३ एकेकदा येतात. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणा: ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २ × २. विभाजक १०,०८०. संगणकाशिवाय. ग्रुपवर उत्तर म्हणून मी हीच फोड टाकली.